पेंढा भरलेलं वासरू

"येत नाही म्हणून सांगितलं ना एकदा? बैलालासुद्धा एवढ्यांदा सांगावं लागत नाही."

"अगं आई, कार्यक्रमाला थोडाच वेळ यायचंय. गाडी पाठवतात ते. स्टेजवर बसायचं, दोन शब्द बोलायचे, की परत."

"दोन शब्द इथंच ऐक की मग. येत नाही. झाले दोन."

"सगळे तुझी आठवण काढतात गं."

"काढू देत. आठवणीला काही चारा घालावा लागत नाही. आणि बोलायचं काय असतं तिथं?"

लेक जरा घुटमळली. ती गोठ्याच्या लोखंडी फाटकाबाहेर उभी होती, दांडीवर हात ठेवून. आई आतल्या बाजूला, हातात रिकामी बादली. दुपार उतरली होती, धारांची वेळ झाली होती आणि आतल्या गाई साखळ्या वाजवत होत्या.

"म्हणजे... आधी तू कशी होतीस आणि मग कशी बदललीस, एवढंच. लोकांना धीर येतो त्यानं. आणि जमलं तर शेवटी तो आवाज काढायचा."

"कसला आवाज?"

"वासराचा."

आईनं बादली सिमेंटवर आदळली तशा जवळच्या गाईंनी माना वळवल्या. आईला सगळे थोटी म्हणतात. तिनं लेकीकडे अशी नजर टाकली की लेकीचा हात फाटकावरून आपोआप खाली आला.

थोटी हे काही तिचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. चारा कापायच्या यंत्रानं तरुणपणी तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक खाल्लं, आणि गोठ्यातल्या माणसांनी जखम बरी व्हायच्या आत ते नाव लावून टाकलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. "टोक गेलं ते बरंच झालं," ती म्हणायची, "सडाला नख तर लागत नाही." जीभ तिची पहिल्यापासूनच धारेची. आणि हातांचा तिला गर्व होता, तो लपवायचं तिच्या कधी मनातही आलं नाही.

गोठा मोठा. लांबच लांब पत्र्याची शेड, मधून वाट, दोन्ही बाजूंना गाई, टोकाला दूध थंड करायची टाकी. धारा काढायची यंत्रंही आली होती. पण गाय अडून बसली की यंत्र नुसतं सूं सूं करत हवा ओढतं. मग मालकाची हाक यायची, "अरे, थोटीला बोलवा." की ही बाह्या सारून निघालीच.

गाय अडते ती वासरावरून. मादी झाली तर वासरू ठेवायचं, नर झाला तर टेंपो यायचा. खायला घालून पुढं करायचं काय त्याचं? वासरू गेलं की गाय दूध वर ओढून धरते. गोठ्यात त्याला दूध चोरणं म्हणतात. आपल्या पोरासाठी ठेवलेलं आपणच न देणं म्हणजे चोरी, असा तिथला हिशेब. तर त्या चोरीवर इलाज म्हणून एक वासरू माळ्यावर ठेवलेलं असायचं. मेलेल्या वासराचं कातडं, आत दाबून भरलेला पेंढा, पायांच्या जागी काठ्या, पोटाखालून एक लांब शिवण. डोळ्यांच्या जागी काहीच नाही. गाईला ते लागतही नाही. अंगावर मिठाचं पाणी फिरवायचं आणि गाईच्या तोंडापुढं उभं करायचं. गाय हुंगते, जिभेला मीठ लागतं, चाटायला लागते.

पण नुसत्या मिठानं पान्हा फुटत नाही. तिथं थोटी लागायची. ती कासेखाली बसायची आणि तोंड न उघडता, घशाच्या तळातून भुकेल्या वासराचा आवाज काढायची. इतका हुबेहूब, की पलीकडच्या रांगेतल्या गाई उठून उभ्या राहायच्या. दूध सोडणार नाही अशी गाय तिला भेटलीच नव्हती. घरी पाहुणे आले की नवरा फर्माईश करायचा, "अगं, ते वासरू आण जरा बाहेर." की ही आवाज काढून दाखवायची, आणि पाहुणे पोट धरून हसायचे.

लेक ह्याच आवाजावर वाढली आणि ह्याच दुधावर. पुढं शिकायला म्हणून शहरात गेली, आणि पहिल्याच सुट्टीत आली ती चहाचा कप बाजूला सारत.

"दूध नको मला."

"का गं? पोट बिघडलंय?"

"पोट नाही. मन. ते आपलं नाही आई, ते वासराचं असतं."

"हो का? मग तुझ्या अंगावर मांस चढलंय ते कुणाचं? काढून दे की परत वासराला."

नवरा खो खो हसला. नवरा दुधाची व्हॅन चालवतो. गोठ्यातून दूध घेऊन दुकानादुकानांत पोचवतो. भांडणात तेल ओतणं हा त्याचा जुना छंद. "अशी कशी बोलतेस पोरीला? शिकलेली माणसं पाणी पिऊन जगतात." लेक रुसून आत गेली आणि सुट्टीभर काळा चहा प्यायली. थोटीनं तिला चांगली नावं ठेवून घेतली. सांगायचं एवढंच, की लेकीच्या सांगण्यानं थोटीत तसूभर फरक पडला नाही. फरक पडला तो ढगीमुळं.

ढगी ही गाय. राखाडी रंगाची, पुढच्या एका खुरानं किंचित लंगडणारी, स्वभावानं गरीब. तिला नर झाला आणि दस्तुराप्रमाणे गेला. ढगीनं दूध धरलं. थोटीनं माळ्यावरचं वासरू उतरवलं, मिठाचं पाणी फिरवलं आणि खाली बसली. ढगी चाटायला लागली. चाटता चाटता तिची खरखरीत जीभ पोटाखालच्या शिवणीत गेली, जुना दोरा उसवला आणि आतला पेंढा भसाभसा बाहेर आला. ढगी थांबली. तिनं पेंढा हुंगला. थोटीचे हात चालू होते आणि हात चालले की तिचा घसाही चालायचा, ती सवयच. ढगीनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. आणि तिनं थोटीला चाटायला सुरुवात केली. आधी डोकं, मग कानामागं, मग मान, मग खांदा. सावकाश, जागा न सोडता, नुकतं जन्मलेलं ओलं पोर चाटून कोरडं करतात तसं. आणि दूध असं उतरलं, की बादलीत फेस मावेना.

थोटीचे हात थांबले नाहीत. पुढं ती हे सांगताना कधी चुकवायची नाही. "ती मला चाटत होती आणि मी काढत होते. बादली भरेपर्यंत काढलं. आजवर मी हसायचे, गाय बघा कशी फसते. फसली कुठं? पेंढा तिला दिसला. तिनं तो सोडला आणि मला पोटाशी घेतलं. आणि मी काय केलं, तर बादली भरली."

त्या दिवशी घरी आल्यावर चहाचा घोट तिच्या घशाखाली उतरला नाही. तिनं तो मोरीत ओतला आणि नवऱ्यापुढं कोरा चहा ठेवला.

"हे काय?"

"दूध नासलं."

"मी दुधाची व्हॅन चालवतो, तू गोठ्यात दिवस काढतेस, आणि आपल्याच घरात दूध नासतं?"

"नासतं कधी कधी."

त्यानंतर त्या घरात दूध नासतच राहिलं. शेवटी नवरा एकदा म्हणाला, "मला काय ते सरळ सांग, म्हणजे मी दुकानात बसून तरी पिऊन येईन." मग तिनं सांगितलं. तो हसला नाही. त्यानं कप उचलला, कोऱ्या चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "साखर तरी जास्त घालत जा."

लेकीला फोनवर कळलं तेव्हा ती रडलीच. "आई, तू व्हीगन झालीस!"

"काय झाले ते मला माहीत नाही. घशाखाली जात नाही एवढं खरं."

पण एकदा सुरुवात झाली की थोटी अर्ध्यावर सोडणारी नव्हे. मांस गेलं, अंडी गेली, मध गेला. "मधानं काय केलं तुझं?" नवऱ्यानं विचारलं. "माझं नाही. माश्यांचं." चामड्याच्या चपला गेल्या, रबराच्या आल्या. तिची नजर नवऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याकडे गेली तेव्हा मात्र त्यानं दोन्ही हातांनी तो धरला. "हा गेला तर पँट तुमची संघटना धरणार का?"

संघटना म्हणजे लेकीची माणसं. प्राण्यांसाठी काम करणारी. त्यांचा म्होरक्या बारा महिने गळ्यात सुती मफलर गुंडाळायचा, म्हणून थोटीनं त्याचं नाव मफलर ठेवलं. लोकरीचा वापरत नाही, मेंढीचा छळ होतो म्हणून, हे त्यानं तिला पहिल्याच भेटीत सांगितलं. "पण उन्हात मफलर कशाला?" हे विचारायचं तिनं लेकीच्या तोंडाकडे बघून गिळलं.

थोटीला वाटलं होतं, ही माणसं आधी नोकरी सोड म्हणतील. तिनं मनाची तयारीही केली होती. मफलर उलटंच बोलला. "सोडू नका, ताई. आत आपलं एक माणूस हवंच आहे."

सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्याबरोबर बाजारपेठेच्या चौकात उभी राहायला लागली, हातात पाटी घेऊन. लोक बघत निघून जायचे. एकदा लेकीनं मफलरच्या कानात काही सांगितलं, आणि त्यानं भोंगा थोटीच्या हातात दिला. "ताई, तो आवाज काढा." तिनं काढला. अख्खा चौक जागच्या जागी थांबला. पिशव्या घेतलेल्या बायका थांबल्या, एक लहान पोर रडायला लागलं, एक म्हातारा टोपी काढून उभा राहिला. मफलरनं टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तिच्याशिवाय त्यांचा एकही कार्यक्रम होईना. ताई इकडं बसा, ताई पाणी घ्या, ताईंसारखी माणसं म्हणजे आपली ताकद. हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की वरून छान दिसतं. गोठ्यात इतकी वर्षं गाईंशिवाय तिचं कुणी काही ऐकलं नव्हतं. आता माणसं ऐकत होती, आणि शेजारी स्वतःची लेक ऊर भरून बघत होती. तिला ते आवडलं. का आवडू नये?

अशात ढगी आटायला लागली. पुन्हा गाभण राहीना, खूर जास्तच दुखायला लागलं. एके दिवशी थोटी गोठ्यात आली तर ढगीच्या पाठीवर खडूनं फुली मारलेली. फुलीचा अर्थ गोठ्यात सगळ्यांना माहीत होता. पुढच्या ट्रकला ही जायची.

ती तशीच लेकीकडे गेली. "तुमच्याकडे तो निवारा आहे ना जनावरांचा? ढगीला न्या."

मफलरनं डोळे मिटून विचार केला. "नेऊ. पण मालक असाच कसा देईल? दबाव लागेल. ताई, तुम्ही ते पेंढ्याचं वासरू सांगता ना, त्याचं चित्रीकरण हवं. ते लोकांनी बघितलं तर मालक आपण होऊन गाई सोडेल."

"ते आता वापरत नाहीत. उसवलं तेव्हापासून माळ्यावर पडलंय. मीच शिवून दिलं नाही."

"मग एकदा दाखवायचं," लेक म्हणाली.

"ते खोटं नाही का होणार?"

"खोटं कसं, आई? इतकी वर्षं झालंच ना ते?"

झालंच होतं. थोटीनं फक्त एवढं विचारलं, "मी दिसणार नाही ना त्यात?"

"मी आहे ना," लेक म्हणाली. "नुसतं वासरू दिसेल. हात नाही, आवाज नाही."

"आणि ढगी आधी न्यायची."

"पहिली तीच," मफलर म्हणाला. "शब्द दिला."

आता थोटीचं काय झालं बघा. दुसरी कुणी असती तर फाटकं वासरू तसंच उभं करून मोकळी झाली असती. तेवढ्यानंही भागलं असतं. पण हिच्या हातांना अर्धवट काम माहीत नाही. तिनं ते माळ्यावरून उतरवलं, धूळ झटकली, पेंढा पुन्हा दाबून भरला, शिवण नव्या दोऱ्यानं पक्की घातली. मिठाचं पाणी नीट कालवलं. गोठ्यातली माणसं दुपारी जेवायला गेली होती, तेव्हा लेक कॅमेरा घेऊन आत आली. थोटीनं ढगीपुढं वासरू उभं केलं, खाली बसली, आणि सांगितलं नव्हतं तरी आवाजही काढला. दाखवायचं तर जसं आहे तसं दाखवायचं, असं तिला वाटलं. ढगीनं पेंढ्याच्या वासराला एकदा नाक लावलं आणि मान फिरवून पुन्हा थोटीलाच चाटायला लागली. "हे घे, हे घे की," थोटी लेकीला म्हणाली, "खरं तर हेच आहे." लेक म्हणाली, "घेतलं."

व्हिडिओ तिला नवऱ्यानं दाखवला. एका दुकानात दूध उतरवताना दुकानदारानं त्याच्यापुढं फोन धरला होता. घरी आला, गमतीचा एक शब्द न बोलता फोन तिच्या हातात दिला आणि दारात जाऊन उभा राहिला.

पडदाभर तिचे हात होते. कासेवर चालणारे, टोक गेलेल्या बोटासकट. मग पेंढ्याचं वासरू, मग परत हात. तिचा तो आवाज, मोठा करून घातलेला. आणि त्यावर लेकीचं बोलणं, स्वच्छ, सावकाश, शिकल्यासारखं: "हे हात नीट बघून ठेवा. हे हात रोज एका आईला फसवतात. मी हे सांगू शकते, कारण मी ह्याच दुधावर वाढले."

ढगीनं चाटलेलं त्यात नव्हतं. माझी आई, हे शब्दही कुठं नव्हते.

थोटीनं फोन लावला. "हात दिसणार नाहीत म्हणालीस."

"आई, हातांशिवाय कोण विश्वास ठेवणार? चेहरा कुठं दाखवलाय आम्ही?"

"अगं, माझं बोट शेंबडं पोर ओळखतं इथलं. चेहऱ्याचं काय घेऊन बसलीस?"

"थोडे दिवस त्रास होईल, मान्य आहे. पण किती लोकांनी बघितलंय माहितीय तुला? मालक घाबरलाय. ढगी सुटेल आता. त्यासाठीच केलं ना आपण?"

ढगीचं नाव काढलं की थोटीच्या तोंडाला कुलूप लागायचं. लेकीला ते माहीत होतं. दुकानात बायका तिच्या हातांकडे बघून बाजूला सरकायला लागल्या. कुणी मागून वासरासारखं ओरडलं. नवऱ्याला तर व्हॅन थांबवली की हेच. "काय रे, वासरू बांधलंय ना घरी?" तो दूध उतरवून निघायचा. थोटी मनाशी म्हणायची, होऊ दे. ढगी एकदा व्हॅनमध्ये चढली की हे सगळं वसूल.

संघटनेची माणसं गोठ्यावर यायची ठरली, सरकारी तपासनीसही येणार होता. थोटीनं पहाटेच ढगीला धुतलं. खडूची फुली घासून घासून काढली, दुखऱ्या खुराला औषध लावलं, नवं दावं बांधलं. आणि दावं हातात धरून फाटकाजवळ उभी राहिली.

मालक तपासनीसाला घेऊन आला. तो थोटीसारखा तोंडाळ नाही; त्याचा आवाज कधी चढत नाही. "साहेब, ते वासरू आम्ही केव्हाच बंद केलं. विचारा इथं कुणालाही. ह्या बाईनं परस्पर उतरवलं, परस्पर शिवलं. शिवणीचा दोरा बघा, कोरा आहे. व्हिडिओत दुसरं कुणी दिसतंय का? हात कुणाचे आहेत ते तुम्हीच बघा." तपासनीसानं थोटीच्या हातांकडे बघितलं. ती म्हणाली, "बंद मी केलं, मालकांनी नाही. विचारा ना माझ्या लेकीला, ती होती कॅमेऱ्यामागं." तपासनीस लेकीकडे वळला. मफलरनं लेकीच्या कोपराला हात लावला आणि तोच बोलला, "आमच्याकडे जसं चित्रीकरण आलं तसं आम्ही दाखवलं." लेक गप्प. मालकानं हात झटकले ते असे, आणि हात झटकायला निमित्त संघटनेनंच आणून दिलं होतं.

"तरी आमची भूतदया म्हणून," मालक पुढं म्हणाला, "एक जनावर मी ह्या लोकांना देतो. निवडा कुठलंही."

थोटी दावं घेऊन पुढं झाली. मफलर तिच्या बाजूनं आत गेला. दोन्ही रांगा बघत बघत तो बुटकीपाशी थांबला. बुटकी ठेंगणी, तांबडी गाय, आणि तिच्या पुढ्यात तिचं मादी वासरू: कपाळावर पांढरा ठिपका, पापण्या लांब. "हे," मफलर म्हणाला. कॅमेरे तिकडं वळले.

"अहो, ते अंगावर पितंय अजून," थोटी म्हणाली. "त्याला कुणी ट्रकमध्ये घालणार नव्हतं. ते राहणारच होतं इथं आईजवळ. फुली हिच्यावर होती. ही ढगी."

"ताई, हिचा पाय बघा. प्रवास झेपणार नाही. आणि लोक वासराशी जोडले जातात, तुम्हाला कळतंय ना? पुढच्या खेपेला ढगी."

थोटीनं लेकीकडे बघितलं. लेक फोनमध्ये बघत होती. "नक्की, आई. पुढच्या खेपेला."

तेव्हा थोटीची नजर फाटकाबाहेर उभ्या असलेल्या त्यांच्या व्हॅनवर गेली. तिचा नवरा आयुष्यभर व्हॅनच चालवत आलेला. व्हॅनमध्ये काय मावतं ते तिला बघून कळतं. ती बसकी, लहान व्हॅन होती. मागं मऊ गादी अंथरलेली, कडेला दुधाची बाटली, रबरी बोंडी लावलेली. त्या व्हॅनमध्ये गाय उभीच राहू शकत नव्हती. म्हणजे प्रवास, पाय, निवड, सगळं नंतरचं. घरून निघतानाच ठरलं होतं. बाटलीसुद्धा भरून आणली होती. आणि व्हॅनच्या पुढच्या सीटवरून उतरली होती ती तिची लेक.

वासरू उचलून नेलं, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. व्हॅन गेली आणि मागं बुटकी हंबरायला लागली.

मालक जवळ आला. "उद्या ट्रक आहे. ती एक चढवून दे आणि मग घरीच बस."

दुसऱ्या दिवशी ढगी ट्रकच्या फळीवर पाय ठेवीना. एकानं शेपटी पिरगळली, दुसऱ्यानं काठी उचलली. थोटीनं काठी धरली. "सरका," म्हणाली, आणि स्वतः फळी चढून वर गेली. ढगी तिच्या मागोमाग आली, लंगडत, वर आल्यावर तिचा हात चाटत. थोटीनं दावं गजाला बांधलं आणि दुसऱ्या बाजूनं उतरली. ह्यावर ती कुणाशी बोलत नाही. नवऱ्यानं एकदाच विषय काढला, "केसानं गळा कापला पोरीनं तुझा." ती म्हणाली, "माझा कापला. ढगीचा मी."

ती घरी बसली. इकडं बुटकीनं दूध धरलं, कास दगडासारखी झाली, यंत्राला लाथा मारून तिनं एकाचा गुडघा फोडला. तिचं बघून पलीकडच्या दोघी बिथरल्या. मालकानं नवी माणसं आणून बघितली, शेवटी एका दुपारी स्वतः दारात आला.

"झालं गेलं विसरून जा, बाई."

"विसरायला मी काय गाय आहे? आणि गाय तरी कुठं विसरते? बुटकीनंच पाठवलंय ना तुम्हाला?"

मालकाला हसू आलं नाही. "काय म्हणणं आहे तुझं?"

"ते पेंढ्याचं वासरू मी पुरणार. परत तसलं करायचं नाही. पान्ह्यासाठी सुई टोचायची नाही. जी वासरं आहेत ती आधी पाजायची, मग उरेल ते यंत्रानं ओढा नाहीतर हातानं."

"आणि नर?"

"नरही ठेवा."

"ते जमणार नाही."

ती बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिली. संघटनेच्या सभेत असती तर तिनं भोंगा उचलला असता. पण सभेतून उठून ही माणसं घरी जातात आणि बुटकीची कास तिथंच तटतटून असते. ती उठली आणि रबरी चपला पायांत घातल्या. वासरू तिनं गोठ्यामागं पुरलं, शिवण तशीच ठेवून. दूध आजही पीत नाही. घरात चहा कोराच असतो, साखर जास्त.

आणि आता बऱ्याच दिवसांनी लेक फाटकाशी आली होती, चांगले कपडे, गळ्यात संघटनेचं ओळखपत्र.

"ते वासरू कसंय?" थोटीनं विचारलं.

"मस्त! एवढं मोठं झालंय. लोक लांबून बघायला येतात त्याला."

"चारा खातं?"

"खातं की."

"बरं झालं."

"आई, तू अजून दूध घेत नाहीस ना?"

"नाही."

"मग? तू आमच्यातलीच आहेस की. कशाला राग धरून बसलीस?"

"दूध न पिणं हे माझं आणि ढगीचं आहे. त्यात तुम्ही कुठून आलात?"

लेकीचे डोळे भरून आले. "मी चुकले असेन. पण मी मुलगी आहे तुझी."

"म्हणून तर फाटकापर्यंत आले." थोटीनं बादली उचलली. "मफलर आला असता तर आतूनच ओरडले असते. जाताना कडी लाव. वासरं बाहेर पडतात."

ती आत गेली. तोटीखाली हात धुतले, थोटं बोट अंगठ्यानं चोळून चोळून. बुटकी तिला बघून एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. थोटी तिच्याजवळ बसली, कास कोमट पाण्यानं पुसली आणि नुसता हात लावून थांबली. आवाज काढला नाही. आता ती तो काढतच नाही, कुणासाठीही नाही. बुटकीच्या पुढ्यात काही नव्हतं, तिला देण्यासारखं थोटीकडेही काही नव्हतं, त्यामुळं वेळ लागायचाच. पलीकडच्या रांगेत यंत्र सुरू झालं. फाटकाची कडी वाजली.

कधीतरी बुटकीनं श्वास सोडला आणि कास सैल पडली. पहिली धार बादलीच्या बुडावर वाजली. थोटीनं गुडघे जरा जवळ घेतले आणि कामाला लागली.